दारातला माणूस

भांडायचं असलं की हे घराणं सरांच्याच फ्लॅटवर जमायचं. दादांचं घर लहान, आत्याकडे लिफ्ट कायमची बंद, आणि सरांकडे कसं, मोठं गोल टेबल, भरपूर खुर्च्या आणि चहा करायला त्यांच्या पत्नी, काकू. हे शेवटचं कारण कुणी तोंडाने काढायचं नाही, पण काकूंना ते पाठ होतं. त्या रविवारी त्यांनी मुकाट्याने मोठं पातेलं गॅसवर चढवलं, साखर टाकली आणि मनाशी म्हटलं, चला, कोर्ट भरलं.

खरी सुनावणी दुसऱ्या दिवशी होती, क्रीडा महासंघाच्या लवादापुढे. आरोपी भिंगरी. दादांची मुलगी, सरांची पुतणी आणि गेली काही वर्षं काकूंच्या घरची कायमची पाहुणी, कारण सरावाचं मैदान इथून जवळ. भिंगरी चालण्याच्या शर्यतीत उतरायची. या खेळात पळायला बंदी. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही उचलले की कोपऱ्यावर टपून उभे असलेले पंच पाटी दाखवतात. "दुनियेत इतके खेळ पडलेत," काकू म्हणायच्या, "आणि पोरीने निवडला तो चालणं कमी आणि नियम जास्त असलेला. रक्तच तसं, काय करणार!"

तर रक्ताची गोष्ट. काकूंचे सासरे फुटबॉलचे रेफ्री होते. एका अंतिम सामन्यात त्यांनी स्वतःच्या थोरल्या मुलाला, म्हणजे गोलकीपर दादांना, सगळ्या जगासमोर मैदानाबाहेर काढलं. दादा त्यानंतर कितीतरी महिने वडिलांशी बोलले नाहीत. धाकटा, म्हणजे सर, मात्र जाड भिंगांचा चष्मा लावून प्रेक्षकांत बसला होता, तो घरी आल्या आल्या वडिलांना विचारता झाला, "कुठल्या नियमाखाली?" वडिलांना असा काही आनंद झाला की त्यांनी नियमांचं पुस्तकच त्याच्या हातात ठेवलं. झालं, तिथून जी गाडी सुटली ती कुठे थांबलीच नाही. आधी वर्तमानपत्राचा कोर्टातला बातमीदार, मग लॉ कॉलेजात प्राध्यापक, मग क्रीडा कायदा हा विषय. तो सुरू झाला तेव्हा पहिल्या तुकडीतली निम्मी मुलं खेळाचे बूट घालून वर्गात आली होती. मग पुस्तक निघालं, आणि दर गुरुवारचा स्तंभ सुरू झाला, 'नियम काय म्हणतो'. सरांनी उभ्या आयुष्यात एक चेंडू धड झेलला नव्हता, पण कुठलाही लवाद त्यांचं पुस्तक उघडल्याशिवाय निकाल लिहायचा नाही.

स्तंभाची एक रीत होती. बुधवारी सर तो काकूंच्या हातात द्यायचे आणि काकू तो मोठ्याने वाचायच्या. जिथे त्यांची जीभ अडखळेल ते वाक्य सर बदलायचे. "तू अडखळलीस म्हणजे वाक्यात खोट आहे," असं ते म्हणायचे, आणि संसारात काकूंना मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी तीच. लग्न नवं होतं तेव्हापासून हे चालत आलेलं. आजारपणं झाली, अबोले झाले, पण वाचन चुकलं नाही. चुकलं ते एकदाच, दोन महिन्यांपूर्वी. त्या आठवड्यात सरांनी स्तंभ परस्पर पाठवून दिला. काकूंनी विचारलं नाही, आणि रागाने छापलेलाही वाचला नाही.

तो आठवडा भिंगरीच्या तिसऱ्या चुकीचा.

खेळाडूंनी उत्तेजक औषधं घेतली नाहीत ना, हे बघायला तपासणीवाले न सांगता घरी येतात. त्यासाठी खेळाडूने रोजचा एक तास कळवून ठेवायचा, की या वेळात मी अमुक पत्त्यावर सापडेन. वर्षभरात तीनदा सापडला नाही की दोन वर्षं बंदी. मग औषध सोडा, खोकल्याची गोळीसुद्धा घेतलेली नसली तरी. भिंगरीच्या पहिल्या दोन चुका तिच्या स्वतःच्या होत्या आणि ती त्या नाकारतही नव्हती. एकदा शिबिराहून परतल्यावर पत्ता बदलायला विसरली, एकदा बस बंद पडली. तिसऱ्या वेळी मात्र ती इथेच होती, डोक्यावर, गच्चीत, कमरेचे व्यायाम करत. फोन खाली चार्जिंगला. घंटा वाजली. दार सरांनी उघडलं. आणि सर त्या वेळी स्तंभ लिहीत होते, हातातलं वाक्य अर्धं होतं.

काकूंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. आधी ओळखपत्र मागितलं. मग अधिकारपत्र. मग अधिकारपत्रावरचा शिक्का उजेडात धरून, "पुसट आहे." मग सही कुणाची, त्या सही करणाऱ्याला अधिकार कुणी दिला, तो कुठल्या कलमाखाली. बाहेरची बाई बिचारी एकेक कागद काढत होती. "खेळाडू घरात आहे का?" या प्रश्नाला सरांनी "हे सांगायला मी बांधील नाही" असं उत्तर दिलं, आणि "तुम्ही कोण?" या प्रश्नालाही तेच. काकूंना वाटलं, वकिली गप्पा चालल्यात, होतील दोन मिनिटांत. त्यांनी कुकर लावला. कुकर उतरेपर्यंत तास संपला होता आणि दारात चिकटवलेली नोटीस तेवढी उरली होती. दारावर नावाची पाटी असती तर एवढ्यावर थांबलं नसतं. पण स्तंभावर चिडून एका क्लबच्या चाहत्यांनी त्या पाटीवर अंडी फोडली तेव्हापासून सरांनी ती काढूनच टाकली होती. त्यामुळे तपासनीस बाईंच्या अहवालात लिहिलं गेलं, 'दारात एक अनोळखी गृहस्थ'.

तेव्हापासून घरात हा अनोळखी गृहस्थ वावरत होता. टेबलावर जेवत होता, चष्मा हरवत होता, काकूंना शोधायला लावत होता. आणि शुक्रवारी त्याला महासंघाचा फोन आला. लवादाचे अध्यक्ष निवृत्त होतायत, त्यांच्या जागी तुमचं नाव ठरलंय, रविवार संध्याकाळपर्यंत होकार कळवा. ज्या खुर्चीवर कसं बसावं हे सरांनी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं ती खुर्ची आता त्यांच्याकडे चालत आली होती. "काही अडचण नाही ना?" असं फोनवर विचारलं तेव्हा सर म्हणाले, "विचार करून सांगतो." त्यानंतर ते दोन दिवस आंघोळ करताना गुणगुणत होते. काकूंना त्या गुणगुणण्याची चीड आली आणि दयाही आली.

"दोन वाक्यं बोलायची," दादांनी टेबलावर पंजा आपटला. गोलकीपरचा पंजा, कप उडाले. "दारात मी होतो. मी अडवलं, पोरीचा काही संबंध नाही. एवढ्यात आटोपतं. त्याला एवढा कीस काढायला कशाला हवा?"

"दादा, ते इतकं सोपं नसतं. नियम असा आहे की..."

"नियम गेला खड्ड्यात!"

"तू गप रे," आत्या म्हणाली. आत्या दोघा भावांची मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि निवृत्ती तिने फक्त शाळेपुरती घेतली होती. "धाकट्याला अध्यक्ष करतायत. एकदा का हा त्या खुर्चीवर बसला की पोरीचं प्रकरण आपोआप मार्गी लागेल. आपला माणूस वर असला की कामं कशी होतात, मला नको शिकवू."

"ताई, अध्यक्ष झालो तरी हिच्या प्रकरणाला मला हात लावता येणार नाही. सख्खी पुतणी आहे. मला बाहेर बसावं लागेल."

आत्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे? मग उपयोग काय त्या खुर्चीचा?" आणि तिने आपली खुर्ची उचलून दादांच्या बाजूला सरकवली. "मग सांगून टाक बाबा खरं काय ते. दादा बरोबर बोलतोय."

"थांबा, थांबा," वहिनी मध्ये पडल्या. वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी, भिंगरीची आई. इतका वेळ त्या नवऱ्याच्या बाजूने मान हलवत होत्या. "बाहेर बसले तरी अध्यक्ष ते अध्यक्षच ना? आत बसलेल्यांना माहीत असणारच, पोरगी कुणाची कोण. जरा जपूनच निकाल देतील. भाऊजी, तुम्ही घ्या हो ती खुर्ची."

"तू माझ्या विरुद्ध बोलतेस?" दादा म्हणाले.

"मी पोरीच्या बाजूने बोलतेय. तुम्हाला काय, नुसता पंजा आपटायचा!"

बाजू इतक्या भराभर बदलत होत्या की चहा कुणापासून फिरवायचा हे काकूंना कळेना. त्यांनी ट्रे सरळ मधोमध ठेवला. भिंगरी खिडकीशी बसली होती, एक पाय दुसऱ्या खुर्चीवर, घोट्याला पट्टी गुंडाळत. जणू दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल चाललं होतं.

"पण सांगितलं तर होईल काय, ते तरी कळू दे," वहिनी म्हणाल्या.

सर खाकरले. वर्गात खाकरायचे तसेच. "तपासणीत अडथळा आणणं हा स्वतंत्र अपराध आहे. अडथळा आणणारा घरचा असला तरी. मला खेळाच्या कुठल्याही समितीवर, लवादावर बसता येणार नाही. कॉलेजात उत्तर द्यावं लागेल. स्तंभ संपादक कशाला ठेवतील? क्रीडा कायद्याचा प्राध्यापक तपासनिसाला दारात अडवतो, ही बातमी मी स्वतः किती चवीने लिहिली असती!"

"आणि भिंगरी?"

"ती सुटेल. बहुतेक. तपासणी चुकली ती तिच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, एवढं सिद्ध झालं की चूक तिच्यावर धरता येत नाही. तसं पुस्तकात स्पष्ट आहे."

"कुणाच्या पुस्तकात?" काकूंनी विचारलं.

सर चष्मा पुसायला लागले. "माझ्या."

"असं कुणी सुटलंय आजवर?"

"नाही. घरचं माणूस पुढेच येत नाही ना. सगळे सांगतात, आम्ही झोपलो होतो."

"काकाला छळू नका गं सगळ्यांनी," भिंगरी पट्टीवरून डोकं न उचलता म्हणाली. "मी लिहून दिलंय. दारात कोण होतं मला माहीत नाही."

"खोटं लिहिलंस?" आत्यातली मुख्याध्यापिका जागी झाली.

"खोटं कुठंय? मी गच्चीत होते. मला तिथून दार दिसतं का?"

सरांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. उत्तर बिनतोड होतं. काकूंना मात्र ते ऐकवेना. पुढच्या वर्षी राष्ट्रीय संघाची निवड होती. पोरगी पहाटे अंधारात उठून, पावलं मोजत, कंबर झिजवत तिथवर आली होती. दोन वर्षांनी तिच्या जागेवर दुसरीच कुणी चालत असेल. आणि ही काकाला झाकायला बसली होती, घोट्याला पट्टी बांधत.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग सर आले. दुसरा चहा हवा हे निमित्त.

"तू काहीच बोलत नाहीस," सर म्हणाले.

"मी काय बोलू? मी कुकर लावत होते."

"तुला काय वाटतं, मला ही खुर्ची नको म्हणणं सोपं आहे? दादा मैदानावर असायचा तेव्हा लोक त्याच्या नावाने ओरडायचे. मी आयुष्यभर कागदावर खेळलो. त्या एका खुर्चीत बसलो असतो तर..."

"तर बाबांनी तुमच्यासाठी शिट्टी वाजवली असती?"

काकूंनी गाळणी धुतली, परत धुतली. उद्या लवादाच्या दारात स्वतः जाऊन उभं राहायचं हे त्यांनी कधीच ठरवलं होतं. मी ऐकलं, दारात माझे यजमान होते, एवढं सांगून यायचं. पण हे त्यांनी सरांना सांगितलं नाही आणि सांगणारही नव्हत्या. सर बोलले काय, आपण बोललो काय, पोरगी सुटेल. पण आपल्याला जावं लागलं तर त्यानंतर या माणसाचं एक अक्षरही आपल्याला मोठ्याने वाचता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या आतून इतक्या घाबरल्या होत्या की साखरेच्या डब्याचं झाकण त्यांना लागेना.

तेवढ्यात घंटा वाजली.

बाहेरून भिंगरीचा आवाज, "अगंबाई! माझा तास!"

प्रकरण चालू असलं तरी तपासण्या काही थांबत नाहीत. भिंगरीने मुद्दाम रविवारची दुपार कळवली होती, घर भरलेलं असतं म्हणून. सर स्वयंपाकघरातून बाहेर आले, दारापासून चार पावलांवर. काकूंनी बघितलं, त्यांचा हात पुढे झाला आणि परत खिशात गेला. शेवटी दार काकूंनीच उघडलं.

त्याच बाई. हातात डबा, खांद्याला पिशवी, आणि गळ्यात ओळखपत्र, अधिकारपत्र, आणखी एक कसलंसं पत्र अशी प्लास्टिकच्या पाकिटांची माळ. शिक्के गडद, आजच मारल्यासारखे.

"आज आत घेणार ना?" बाई म्हणाल्या.

"या हो, या, बसा," आत्याने खुर्ची पुसली. वहिनींनी बिस्किटं पुढे केली. दादांनी पंखा वाढवला.

"ताई, नमुना द्यायचाय. जाऊया?"

भिंगरीने कपाळावर हात मारला. "मॅडम, आत्ता दहा मिनिटांपूर्वी जाऊन आले हो!"

"मग पाणी प्या. मला घाई नाही. फक्त माझ्या नजरेआड होऊ नका." बाईंनी सीलबंद बाटली तिच्यापुढे ठेवली, खुर्ची ओढली, आणि मग त्यांचं लक्ष कपाटाशी उभ्या असलेल्या सरांकडे गेलं. "अहो! हेच ते गृहस्थ! त्या दिवशी मला पार घाम फोडला यांनी. कोण हे?"

"भाडेकरू," आत्या म्हणाली.

हे तिच्या तोंडून इतक्या सहज निघालं की क्षणभर काकूंनाही खरं वाटलं.

"मागच्या खोलीत असतात," वहिनी लगेच म्हणाल्या.

"जरा विक्षिप्त आहेत," दादांनी भर घातली. दादांनी! जे पाच मिनिटांपूर्वी खरं सांग म्हणून टेबल फोडत होते, ते! "आम्हालासुद्धा दिवे घालवा, दिवे घालवा म्हणून सतावतात." बाहेरचं माणूस दारात आलं की या घराण्याची एकजूट बघावी. काकूंच्या मनात आलं, हीच एकजूट आमच्या लग्नात दिसली असती तर किती बरं झालं असतं.

आणि सर भाडेकरूसारखे, खुर्चीच्या अगदी काठावर, बसले.

"चला, सुटला प्रश्न," तपासनीस बाई चहा घेत म्हणाल्या. "उद्या मला विचारणारच, दारात कोण होतं म्हणून. आता सांगते, भाडेकरू." मग भिंगरीकडे वळून जरा हळहळत, "पण ताई, तुमचं कठीण झालं बरं का. घरात परका माणूस ठेवायचा आणि त्याला काही सांगून ठेवायचं नाही, हा निष्काळजीपणाच धरतात. पुस्तकात अगदी हेच उदाहरण दिलंय. नियम जाणणारा, घरचा कुणी असता तर गोष्ट वेगळी होती."

आत्याचं बिस्कीट चहात पडलं. काढायचं सोडून ती त्याच्याकडे बघत बसली.

"आडनाव तेच आहे म्हणून विचारते," बाई पुढे म्हणाल्या, "ते पुस्तक लिहिणारे सर तुमचे कोण लागतात का?"

"काका," भिंगरी म्हणाली, आणि घटाघटा पाणी प्यायला लागली.

"काय सांगता! मी त्यांचा एक गुरुवार सोडत नाही. आमच्यासारख्यांची बाजू कुणी मांडत नाही हो. दारोदार फिरायचं, कुत्री अंगावर घ्यायची, शिव्या खायच्या. त्यांनी एकदा काय सुंदर लिहिलं! नेमकं त्या दिवशीच्या नंतरच्या गुरुवारी आलं. जरा आधी आलं असतं तर या भाडेकरूसाहेबांना तिथेच वाचून दाखवलं असतं. कात्रण काढून पिशवीतच ठेवलंय, कुणी दारात हटून बसलं की वाचते."

"नको, राहू द्या," सर म्हणाले.

"ऐका तर, तुमच्याच उपयोगाचं आहे." बाईंनी कात्रण उलगडलं आणि वाचायला सुरुवात केली. "'खेळाडूच्या दाराशी आलेला तपासनीस चोर नव्हे आणि पाहुणाही नव्हे. तो पंच आहे. फक्त मैदान आज घरापर्यंत आलं आहे. अशा वेळी उंबऱ्यात उभं राहून कायद्याचा कीस काढणारा नातेवाईक खेळाडूचा जेवढा घात करतो तेवढा कुणी प्रतिस्पर्धीही करणार नाही. घरच्या माणसाने एवढंच करावं: दार उघडावं आणि बाजूला व्हावं.'"

काकूंना आता उमगलं, त्या दिवशी सरांचं कुठलं वाक्य अर्धं राहिलं होतं. म्हणजे हा माणूस उठला, दार अडवलं, बाईला घालवून दिलं, परत येऊन बसला आणि वाक्य पुरं केलं! आणि म्हणूनच ते वाचायला दिलं नाही. त्यांना हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला त्यांनी पदर तोंडाशी धरला.

बाई छान वाचत होत्या. एकदाही अडखळल्या नाहीत.

सर उठले. कपाटाच्या काचेत त्यांचं टक्कल दिसत होतं आणि टकलाच्या मागे, कपाटात जपून ठेवलेली वडिलांची शिट्टी. "ते मी लिहिलंय," ते म्हणाले.

"काय लिहिलंय?"

"ते. तुम्ही वाचलंत ते. मी भाडेकरू नाही. मी हिचा काका. दारात मी होतो, ही वर गच्चीत होती, आणि मला हे पक्कं माहीत होतं. नियमही माहीत होता. माहीत असूनही अडवलं."

"धाकट्या!" आत्या किंचाळली.

"ताई, बस झालं."

तपासनीस बाईंनी कात्रणातल्या फोटोकडे बघितलं, मग सरांच्या डोक्याकडे. स्तंभाशेजारचा तो फोटो लग्नाआधीचा होता, दाट कुरळे केस असलेला. संपादकांनी नवा कितीदा मागितला, पण सर म्हणायचे, वाचकांना सवय झालीय.

"काहीतरीच काय बोलता!" बाई म्हणाल्या. "पोरीला वाचवायला आता भाडेकरूसुद्धा प्राध्यापक व्हायला लागले? ओळखपत्र दाखवा."

सर आत गेले. खणांची उघडझाप ऐकू आली. कॉलेजचं ओळखपत्र घेऊन ते परत आले आणि बाईंपुढे शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. बाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, तिरकं केलं, सरळ केलं.

"शिक्का पुसट आहे," त्या म्हणाल्या.

दादांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर पंजा धरला.

"आणि फोटो हाच, केसांचा," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जरा बदलला होता; सरांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळलं असावं. "हे बघा सर, तुम्ही सर असाल तर. मी हे उद्या लवादापुढे नावानिशी सांगणार. अडथळा कुणी आणला, ते. त्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"माझ्याच पुस्तकातलं सातवं प्रकरण," सर म्हणाले. "मीही येतोय उद्या. दोन वाक्यं बोलायला. आणि ती खुर्ची... त्यांना आज संध्याकाळी नाही म्हणून कळवतो."

"काका, नको ना रे," भिंगरी म्हणाली. "तुझी खुर्ची..."

"तू पाणी पी," सर म्हणाले.

बाई मात्र ओळखपत्र हातात धरूनच होत्या. "कागदावरून तर माणूस पटत नाही. घरातल्या कुणीतरी सांगावं लागेल, हे कोण आहेत ते. आणि या वेळी नीट आठवून सांगा, म्हणजे झालं."

आत्या बिस्किटाकडे बघत राहिली. आत्ताच भाडेकरू म्हणून मोकळं झालेल्या तोंडाने दुसरं काय सांगणार! वहिनी दादांकडे बघू लागल्या, आणि दादा, ज्यांना एकदा सगळ्या जगासमोर बाहेर काढलं होतं, ते स्वतःच्या पायांनी बाहेर निघालेल्या भावाकडे बघत होते.

काकूंनी तोंडावरचा पदर खाली घेतला, खांद्यावर नीट केला आणि त्या पुढे येऊन सरांशेजारी उभ्या राहिल्या.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "मी ओ... ओळखते यांना."

जीभ अडखळली. सरांनी वळून त्यांच्याकडे बघितलं, आणि वाक्य तसंच राहू दिलं.